लोकल बिअर म्हणजे नक्की कुणाची?

मंडळी, पुण्यात सध्या कुठल्याही ब्रुअरीत जा, मेनूकार्डावर 'लोकल' हा शब्द सापडला नाही तर पैसे परत! लोकल धान्य, लोकल फळं, लोकल चव. आजवर मी हा शब्द वाचून सोडून देत होतो. गेल्या शनिवारी मात्र तो थेट आमच्या गावापर्यंत येऊन पोचला.

झालं असं, की टीममधले चौघंजण मुंढव्यातल्या एका ब्रुअरीत गेलो होतो (रिलीज वेळेवर गेलं होतं, एवढं कारण पुरे आहे). ब्रुअरीचं नाव देत नाही, फुकट जाहिरात नको. तिथल्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'या महिन्याची नवी बिअर : वाई-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीची व्हीट बिअर'. आता मी वाईचा. मागवणं भागच होतं. (आई हे वाचत असेल तर : फक्त वास घेऊन पाहिला.)

आधी चवीचं सांगतो. तुम्हाला वाटेल स्ट्रॉबेरी म्हणजे गोडमिट्ट गुलाबी सरबत. तसं अजिबात नव्हतं. फळातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, त्यामुळे गोडवा जातो आणि मागे उरतो तो आंबटपणा आणि वास. गव्हाच्या बिअरला यीस्टमुळे येणारा केळ्या-लवंगेसारखा वास त्यात मिसळला होता. रंग फिकट, फेस पांढरा. मला आवडली. दुसराही ग्लास घेतला.

त्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "अरे मग वाईतच काढ की एक ब्रुअरी! घाटावर कृष्णेकाठी टेबलं टाक." सगळे हसले. विश्वकोशाच्या गावात बिअर, ढोल्या गणपतीच्या साक्षीने, वगैरे विनोद झाले. पण माझ्या डोक्यात ते राहिलं ते राहिलंच. कारण विनोद सोडला तर हे अशक्य नाही. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारा पुण्या-मुंबईचा सगळा वीकेंड वाईतून जातो. कुणीतरी कधीतरी हे करणारच. तेव्हा त्या बिअरला आपण 'आपली' म्हणायचं का?

इंजिनीअर माणूस, डिपेंडन्सी तपासल्याशिवाय झोप लागत नाही. म्हणून ग्लासात नक्की लोकल काय होतं ते बघू.

बिअरला लागतं चार गोष्टींचं भांडवल. पहिलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, आपलं जव. भारतात ते मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा या भागात पिकतं, आणि क्राफ्टवाले त्यात परदेशी माल्टही घालतात. दुसरं हॉप्स, ज्याने कडवटपणा येतो. हिमाचलातल्या लाहौलमध्ये थोडेफार होतात, पण ब्रुअरीतले बहुतेक हॉप्स जर्मनी-अमेरिकेचे. तिसरं यीस्ट, तेही बहुतेक वेळा परदेशी पाकिटातून. राहिलं पाणी. एके काळी बिअर कुठली हे पाण्यावरूनच ठरायचं. चेक देशातल्या पिल्सनचं पाणी मऊ म्हणून तिथली बिअर तशी, इंग्लंडातल्या बर्टनचं पाणी जड म्हणून तिथली वेगळी. आता आरओ लावायचा, क्षार मोजून परत घालायचे, की मुंढव्यात बसून पिल्सनचं पाणी तयार! म्हणजे पाणीसुद्धा लोकल नाही.

उरली आमची स्ट्रॉबेरी. फळांच्या बिअरमध्ये लिटरमागे साधारण शंभर ते दोनशे ग्रॅम फळ घालतात. म्हणजे 330 मिलीच्या ग्लासात फार तर चार-पाच स्ट्रॉबेऱ्या. साडेतीनशे रुपयांच्या ग्लासात लोकल काय, तर चार-पाच स्ट्रॉबेऱ्या!

तुम्ही म्हणाल, मग सगळंच इथलं वापरून बिअर करा. करता येईल की. सातारा-सांगली पट्ट्यात खपली गहू होतो. पुरणपोळीसाठी आणि खिरीसाठी आपण तो कौतुकाने आणतो. खपली म्हणजे जगात ज्याला एमर म्हणतात तो गहू, आणि प्राचीन इजिप्तमध्ये बिअर व्हायची ती बार्ली आणि याच एमरची. मध म्हणाल तर महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, आणि मधापासून मीड बनवणारी मूनशाइन 2018 पासून पुण्यात आहे. म्हणजे कच्चा माल आहे, करणारी माणसंही आहेत.

पण मग मी आणखी खोदलं आणि माझीच पंचाईत झाली. स्ट्रॉबेरी तरी आपली कुठे? आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी म्हणजे उत्तर अमेरिकेतली एक जात आणि चिलीतली एक जात यांचा अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झालेला संकर. आपल्याकडे ती डोंगरावर आणली इंग्रजांनी. आपल्या शेतात लावतात त्या विंटर डॉन आणि स्वीट चार्ली फ्लोरिडाच्या, कॅमारोसा कॅलिफोर्नियाची. मातृरोपं अजूनही परदेशातून येतात. तरीही 2010 मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही. खटकायचं कारणही नाही. कारण रोप कुठून आलं यापेक्षा गादीवाफे कोण घालतं, मल्चिंगचा कागद कोण अंथरतं, अवकाळी पाऊस आला की नुकसान कुणाचं होतं, आणि भाव मिळाला तर पैसे कुणाच्या घरात येतात, यावरून ते फळ आपलं झालं. भिलारमध्ये, पाचगणीत, आमच्या वाई तालुक्याच्या पश्चिम भागात.

माझ्या मते बिअरलाही हीच कसोटी लावायला हवी. हॉप्स जर्मनीचे असेनात का! देवळालीचंच बघा ना. मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत इंग्रज सोल्जर सडायचे, त्यांचं डोकं फिरायचं, त्यावरून 'डूलाली टॅप' हा शब्द आला (त्यातला टॅप म्हणजे आपला ताप). आणि 2009 मध्ये पुण्यात महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी निघाली, तिचं नाव डूलालीच. शब्द गेला, फिरून परत आला, आपला झाला. वस्तूंचंही तसंच होतं. प्रश्न एवढाच, की ती वस्तू जिथे बनते आणि विकली जाते तिथल्या माणसांचा तिच्यात काही हिस्सा आहे का, आणि तिच्याबद्दल काही बोलायचा हक्क आहे का.

आणि इथे विषय अवघड होतो. कारण बिअर ही स्ट्रॉबेरी नाही.

आपण मुंढव्यात बसून 'टेस्टिंग नोट्स' लिहितो तेव्हा दारू हा चवीचा विषय असतो. साताऱ्याच्या बहुतेक गावांत तो चवीचा विषय नाही. थोडं गणित करतो. जून 2025 मध्ये सरकारने ठरवलेल्या दरांत देशी दारूच्या 180 मिलीच्या बाटलीची किमान किंमत 80 रुपये आहे. तिच्यात 42.8 टक्के अल्कोहोल धरलं तर शुद्ध अल्कोहोल होतं सुमारे 77 मिली. म्हणजे एका मिलीला साधारण एक रुपया. माझ्या ग्लासात 330 मिलीच्या पाच टक्के, म्हणजे साडेसोळा मिली. साडेतीनशेला भागलं तर एका मिलीला एकवीस रुपये. वीसपट! नशा हाच ज्याचा हेतू आहे तो माणूस क्राफ्ट ब्रुअरीची पायरी कधी चढणारच नाही.

म्हणून 2022 चा वाद मला चुकीच्या दाराशी चाललेला वाटला होता. त्या वर्षी 27 जानेवारीला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला, केवढा गदारोळ झाला, साताऱ्यातही आंदोलन झालं, आणि निर्णय काही अंमलात आला नाही. मोठ्या दुकानातल्या महागड्या वाइनवर एवढी चर्चा, आणि ऐंशी रुपयांच्या बाटलीवर? ती मुकाट चालू.

पण हेच गणित घेऊन मी गावात गेलो, तर तिथली एखादी काकू मला विचारेल, "बाबा, तुझं वीसपट बरोबर आहे, पण एकदा 'इथे मिळते' असं झालं की पुढचं दुकान कसं थांबवणार?" आणि या प्रश्नाला माझ्याकडे एक्सेल शीट नाही. ज्या जिल्ह्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना 'परिवर्तन'सारखं व्यसनमुक्ती केंद्र काढावं लागलं, तिथे हा प्रश्न मागासलेपणाचा नाही, अनुभवाचा आहे. राज्यात बायकांना दारूचं दुकान बंद करायचा हक्क आहे, आडवी बाटली-उभी बाटली हे मतदान आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण त्यातली ग्यानबाची मेख बघा. मतदानाला आलेल्यांपैकी नाही, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. जी कामासाठी मुंबईला आहे, जी आजारी आहे, जिला घरातून निघूच दिलं नाही, त्या सगळ्या आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. या हिशोबाने आपले किती आमदार निवडून येतील ते तुम्हीच सांगा.

त्यामुळे वाईत ब्रुअरी निघाली तर माझा विरोध नाही. उलट मी पहिल्या आठवड्यात जाईन. पण तिने 'लोकल' हा शब्द दारावर लावायचा असेल तर माझ्या काही अपेक्षा आहेत.

एक म्हणजे भाव. डिसेंबरात सुंदर डब्यात भरलेली स्ट्रॉबेरी कुणीही घेतो. खरी परीक्षा मार्चमध्ये. ऊन वाढतं, माल एकदम येतो, फळ लहान आणि मऊ पडतं, आणि ते जॅम-क्रशवाल्यांना मिळेल त्या भावात द्यावं लागतं. बिअरला फळ दिसायला सुंदर असण्याची गरजच नाही, ते कुस्करूनच घालायचंय. तेव्हा ते फळ आधी ठरवलेल्या भावाने घ्या, लेखी करार करा. आणि जमलंच तर खपलीचाही.

दुसरं पाणी. एक लिटर बिअर करायला धुणं-पुसणं धरून साधारण चार ते सात लिटर पाणी जातं. 2016 च्या दुष्काळात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या दारू-बिअर कारखान्यांच्या पाण्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 60 टक्के कपात करायला लावली होती. वाईला धोम आहे, कृष्णा आहे, सगळं खरं. पण त्याच जिल्ह्यात माण-खटावही आहे. किती पाणी घेता आणि किती नदीत सोडता, ते दर महिन्याला दाराबाहेर फळ्यावर लिहा. बिअरची नावं लिहिता तसंच, खडूने.

तिसरं घाट. वाईत येणारं गिऱ्हाईक गाडी घेऊन येणार आणि पिऊन पसरणीचा घाट चढणार, नाहीतर सुरूर फाट्यावरून हायवेला लागून खंबाटकीकडे जाणार. कायद्याने चालकाच्या रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालतं. 'दोन ग्लासांनी काय होतंय' म्हणणाऱ्यांना हा आकडा माहीत नसतो. त्यामुळे मुक्कामाची सोय किंवा ड्रायव्हरची सोय नसेल तर तिथे ब्रुअरी काढूच नये, इतकं माझं मत साधं आहे.

आणि शेवटचं ते मत. परवान्याच्या नियमांत बसो वा न बसो, त्या वॉर्डातल्या बायकांना आधी विचारा. मोजायचं तर आलेल्या मतांवर मोजा. त्या नाही म्हणाल्या तर दुसरीकडे जा, आणि गेल्यावर 'वाईची बिअर' हे नाव लावू नका.

काही जण म्हणतील, एवढ्या अटी घातल्यावर धंदा कोण करेल? असेलही. पण साडेतीनशे रुपयांच्या ग्लासात आपण पैसे कशाचे मोजतो? बिअर त्याहून स्वस्तात कुठेही मिळते. वरचे पैसे आपण त्या एका शब्दाचे देतो. मग त्या शब्दाचा हिशोब मागितला तर बिघडलं कुठे? पुढच्या वेळी फळ्यावर 'लोकल' दिसलं की वेटरला एवढंच विचारा, "फळ कुणाकडून घेता आणि काय भावाने?" आम्ही शनिवारी विचारलं नाही. आता पुढच्या रिलीजला विचारणार आहे.

असो. बिअर मात्र झकास होती.