वाद्य आहे, नोटेशन नाही

आपल्या गोंदियात ऑर्केस्ट्रा म्हटले की डोळ्यांसमोर जयंतीची रात्र येते. मंडप, दोन गायक, कीबोर्ड, ढोलक आणि फर्माईशीच्या चिठ्ठ्या. पण सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणजे ऐंशी-शंभर वादकांचा संच. पुढे व्हायोलिनच्या रांगा, मागे बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि नगारे. कार्यक्रमाआधी ओबो नावाचे वाद्य एक सूर देते, सगळे त्या सुराशी आपले वाद्य जुळवतात आणि मग समोरचा कागद वाचून वाजवतात. न्यूयॉर्क आणि व्हिएन्ना या शहरांचे असे संच १८४२ पासून चालू आहेत. वादकांच्या पिढ्या बदलल्या, संच टिकले.

मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता १९७८ ते १९९१ या काळात त्याच न्यूयॉर्कच्या संचाचे संगीत संचालक होते. मुंबईच्या संचात पुष्कळ वादक गोव्याचे. ते काही श्रीमंतांची मुले नव्हती. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चच्या शाळांत गरिबाच्या पोरालाही नोटेशन वाचायला शिकवीत. त्या विद्येवर ते मुंबईला आले आणि सिनेमाच्या संगीतातही शिरले. त्यांपैकी अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली स्वतःचा सिम्फनी संच काढला. ट्रम्पेटवादक रामप्रसाद शर्मा यांचा मुलगा त्यांच्याकडे व्हायोलिन शिकला. तोच लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील प्यारेलाल.

मेहतांचा संच पुढे टिकला नाही. २००६ साली मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हा पैसा होता, सभागृह होते, पण वादक कमी पडले. कझाकस्तानसारख्या देशांतून वादक आणावे लागले. मग संस्थेला मुलांना शिकविण्याचे काम हाती घ्यावे लागले. इमारत आधी आणि शाळा नंतर, असा हा उलटा प्रवास!

आता आपल्याकडे पाहा. वरातीपुढे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजविणारे आपल्याच वस्त्यांत राहतात. नवे गाणे दोनदा ऐकले की बोटांत उतरते, असा त्यांचा कान. पण लग्नसराई संपली की वाद्य खुंटीला आणि वादक रोवणीला. कागद वाचता येत नाही, म्हणून मोठ्या संचाचे दार बंद. मुलाने हे काम करू नये असे बापाला वाटते, त्यात त्याची काय चूक?

बांधवहो, जयंतीच्या एका रात्रीच्या ऑर्केस्ट्रासाठी आपण वर्गणी काढतोच. त्यातला थोडा भाग बाजूला ठेवून समाजमंदिरात दर रविवारी दोन तास नोटेशनचा वर्ग चालविता येणार नाही का? वाद्ये बँडवाल्यांकडे आहेत, कान मुलांना आहे. एक फळा आणि एक जाणकार शिक्षक, एवढीच उणीव आहे.