तिकीट वाटताना आम्हाला कुणी विचारलं होतं का?



20 तारखेला मतदान आहे. देहूत कुणालाही विचारा, मग तो गावठाणातला असो, माळवाडीतला असो नाहीतर चाकणला शिफ्टला जाणारा असो, उत्तर एकच. "बघू अजून." पेपरवाले याला मतदारांची उदासीनता म्हणतात. उदासीन कोण हो? लोक वैतागलेत. आणि का वैतागलेत ते सरळ लिहितो, कुणाला लागलं तर लागू द्या.

आपल्या मावळ मतदारसंघाचं मशीन डोळ्यासमोर आणा. 2009 आणि 2014 ला इथून कमळाचा आमदार गेला. यावेळी मशीनवर कमळच नाही, कारण जागा घड्याळाला सुटली. बरं, समोर आघाडी आहे म्हणावं तर पंजा नाही, मशाल नाही, तुतारी नाही. आघाडीनं उमेदवारच दिला नाही, अपक्ष बापूसाहेब भेगडेंना पाठिंबा दिला. हे बापूसाहेब कालपर्यंत घड्याळवाले. आणि त्यांच्याच प्रचारात भाजपचे माजी मंत्री बाळा भेगडे! म्हणजे राज्यात एकमेकांना शिव्या घालणारे इथं एका गाडीत. याला म्हणे 'मावळ पॅटर्न'.

दुसरी बाजू तरी कुठं वेगळी? सुनील शेळके 2019 ला भाजपचं तिकीट मागत होते. मिळालं नाही, ऐनवेळी राष्ट्रवादीतून उभे राहिले आणि त्याच बाळा भेगडेंना पाडून आमदार झाले. लोकसभेला 2019 मध्ये राष्ट्रवादीवाल्यांनी पार्थ पवारांसाठी बारणेंच्या विरोधात घरोघरी पत्रकं वाटली, आणि 2024 ला अजितदादांच्या त्याच कार्यकर्त्यांना बारणेंसाठी फिरावं लागलं. समोर मशाल घेऊन कोण? राष्ट्रवादीचे माजी महापौर संजोग वाघेरे. शेजारी भोसरीत बघा, अजितदादांचे शहराध्यक्ष अजित गव्हाणे जुलैत पक्ष सोडून गेले आणि आता तुतारीवर उभे आहेत.

मी यातल्या एकाचाही प्रचार करत नाहीये. माझा प्रश्न असा आहे की हे सगळं ठरवताना आपण कुठं होतो? जागावाटप मुंबई-दिल्लीत झालं. एबी फॉर्म कुणाला द्यायचा हे चार नेत्यांनी बंद खोलीत ठरवलं. 29 ऑक्टोबरला दुपारी तीनपर्यंत ज्याच्या हातात तो कागद, तो पक्षाचा उमेदवार. वीस-वीस वर्षं सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला टीव्हीवरून कळतं. मग मतदाराची काय कथा!

अमेरिकेत आत्ता 5 तारखेला मतदान झालं. तिथं पक्षाचा उमेदवार कोण हे आधी लोकांच्या मतानं ठरतं, जानेवारीपासून जूनपर्यंत एकेका राज्यात. त्याला प्रायमरी म्हणतात. तिथंही सगळं गोड नाही. यंदा बायडन प्रायमरी जिंकून जुलैत बाजूला झाले, मग हॅरिस लोकांच्या मताशिवाय उमेदवार झाल्या आणि त्यावर बरीच ओरड झाली. पण ओरड झाली, कारण लोकांना वाटलं आपला हक्क डावलला. आपल्याला तो हक्क असू शकतो हेच माहीत नाही. तिकीट 'वरून' येतं आणि आपण फटाके वाजवतो.

काही जण म्हणतात, नोटा दाबू. दाबा, तुमचा अधिकार आहे. पण नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी दुसऱ्या नंबरचाच आमदार होतो. घरी बसलात तर तेही नाही. मतदानाची सुट्टी भरपगारी आहे, कंत्राटी कामगारांनाही. सुपरवायझर नाही म्हणाला तर कायदा दाखवा.

मग करायचं काय? प्रचाराला दारात येईल त्याला चहा द्या आणि तीन प्रश्न विचारा. इंद्रायणीत मैलापाणी आणि कंपन्यांचं पाणी सोडणं कधी बंद होणार, तारीख सांगा. तळेगाव-चाकण रस्त्यावर रोज तासन् तास जातात, त्याचं काय केलं आणि काय करणार? आणि निवडून आल्यावर पाच वर्षं याच बाजूला राहणार का? अपक्ष निवडून आलेल्याला नंतर पक्षात जाता येत नाही, गेला तर आमदारकी जाते. पण पाठिंबा कुणालाही देता येतो. तो कुणाला देणार हे आत्ताच सांगा म्हणावं. उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.

आणि पक्षात असलेल्या माझ्या मित्रांनो, दोन वर्षांनी आपली नगरपंचायत आहे, 17 वॉर्ड. प्रत्येक वॉर्डात इच्छुकांना गावासमोर उभं करा, पक्षाच्या सभासदांची चिठ्ठ्यांवर मतं घ्या, पेटी सगळ्यांसमोर फोडा. एका देवळाच्या सभामंडपात मावेल एवढं काम आहे. त्याला मुंबईची परवानगी कशाला लागते? जो पक्ष हे करेल त्याच्या उमेदवाराचा मी स्वतः विचार करेन, चिन्ह कुठलंही असो.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, पण 20 तारखेला केंद्रावर या.