दोन घड्याळांचे एकमत

नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम एक फूट पुढे सरकतो. जेथे एस.टी. अर्धा तास उशिरा आली तरी कोणी घड्याळाकडे पाहत नाही, तेथे या अब्जाव्या भागाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्यातून आपण कला शाखेचे! परंतु हा विषय केवळ प्रयोगशाळेतल्या मंडळींचा नाही, असे माझे मत आहे.

१९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियमच्या अणूवर आधारलेली आहे. आता लेसर प्रकाशाच्या साहाय्याने चालणारी स्ट्रॉन्शियमची घड्याळे त्याहूनही अचूक निघाली आहेत. पण घड्याळ अचूक आहे हे सांगणार कोण? त्यासाठी दुसरे तसेच घड्याळ हवे आणि दोघांत बोलणे हवे. उपग्रहामार्फत होणारी तुलना या घड्याळांना अपुरी पडते; म्हणून शास्त्रज्ञांनी काचेच्या तंतूचा, म्हणजे ऑप्टिकल फायबरचा, मार्ग धरला.

पॅरिस आणि जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील घड्याळे १,४१५ किलोमीटर लांबीच्या अशा मार्गाने जोडली गेली. दोन्ही देशांचे तंतू स्ट्रासबर्गला एकत्र येतात. तापमान वाढले की तंतू किंचित लांबतो, जवळून वाहन गेले की थरथरतो आणि प्रकाशाची लय बिघडते. यावरचा उपाय मोठा सुंदर आहे. पलीकडे पोचलेल्या प्रकाशाचा थोडा भाग त्याच वाटेने परत पाठवायचा. निघालेला आणि परतलेला प्रकाश ताडून पाहिला की वाटेत काय बिघडले ते कळते व तेवढी दुरुस्ती तत्काळ करता येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ही घड्याळे इतकी जुळली, की अब्ज वर्षांतही त्यांच्यात दोन सेकंदांचा फरक पडू नये!

या सगळ्यात मला मोल वाटते ते परतीच्या प्रकाशाचे. केवळ निरोप धाडून एकमत होत नाही. तो कसा पोचला, हेही कळावे लागते. आपल्याच इतिहासात पाहा. १९०६ साली ब्रिटिश सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे ३९ मिनिटे मागे होती. हुकूम वरून आला, मुंबईकरांना तो मानवला नाही आणि १९५५ पर्यंत मुंबईत दोन वेळा नांदत राहिल्या.

यंत्रे उत्तम असली म्हणजे झाले, असेही नाही. सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतील ऑपेरा प्रयोगाने जाहीर केले, की जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतून ७३० किलोमीटर आलेले न्यूट्रिनो कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. आइन्स्टाइन चुकला की काय, अशी जगभर चर्चा झाली. पण त्या शास्त्रज्ञांनी आपले आकडे सर्वांपुढे ठेवून ‘तपासून पाहा’ असे सांगितले होते. २०१२ मध्ये मुख्य दोष सापडला : घड्याळापर्यंत वेळ आणणाऱ्या फायबरचा एक जोड नीट बसलेला नव्हता. सैल जोड लाजिरवाणा खरा, पण तो उघडपणे मान्य करणे हेच विज्ञानाचे बळ नव्हे काय?

आता आपल्या वर्गाकडे वळू. व्याख्यान हाही एक निरोपच. तो वाटेत कोठे बिघडला, हे प्राध्यापकांना कळणार कसे? ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले, अशा माझ्यासारख्या मुलामुलींना घरी शंका विचारायला कोणी नसते. वर्गात विचारावी, तर मागच्या बाकावरून हसू येते. मग आम्ही माना डोलावतो आणि सैल जोडाचा पत्ता परीक्षेच्या निकालातच लागतो.

म्हणून गुरुजनांना नम्र विनंती, की प्रत्येक तासाची शेवटची पाच मिनिटे प्रश्नांसाठी राखून ठेवावीत. आणि मित्रहो, विचारणाऱ्याला हसू नका. त्याचा प्रश्न हाच आपल्या वर्गातला परतीचा प्रकाश आहे.

— द्वितीय वर्ष, कला