गाणे जागे ठेवत नाही!

आमच्या धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. त्यामुळे गेली पंचवीस-तीस वर्षे माझ्या दवाखान्याच्या बाकावर शेतकरी, विद्यार्थी, गृहिणी यांच्या जोडीला एखादा तरी ट्रकचालक बसलेला असतोच. कुणाची कंबर धरलेली, कुणाला मूळव्याध, कुणाचे पित्त खवळलेले. या मंडळींना बोलते करायचे असेल तर एकच प्रश्न पुरतो. ‘गाडीत गाणी कोणती लावता?’ चेहरा लगेच खुलतो.

मी दवाखाना थाटला तो कॅसेटचा काळ होता. ढाब्याशेजारच्या टपरीवर चहा-बिडीबरोबर कॅसेटही मिळत. १९९५ साली आलेल्या ‘बेवफा सनम’ची गाणी, १९९७ साली गाजलेली अल्ताफ राजांची कॅसेट, पंजाबी चालकांकडे चमकिला आणि आपल्याकडच्या चालकांकडे पहाटेसाठी राखून ठेवलेले प्रल्हाद शिंदे. आता कॅसेट गेली, पेनड्राइव्ह आला, मोबाइल आला; पण गाण्यांचा बाज फारसा बदलला नाही. सिनेमातला नायक भर उन्हात, मोकळ्या रस्त्यावर, मागे नायिका बसवून आनंदाचे गाणे म्हणतो. १९७१ च्या ‘अंदाज’मधले मोटारसायकलवरचे राजेश खन्ना आठवा. खऱ्या रस्त्यावरचा माणूस मात्र रात्री दोन वाजता एकटा विरहाची गाणी ऐकत असतो. घर सोडून वीस-वीस दिवस झालेले असतात. त्याला ती गाणी आपली वाटली तर नवल ते काय?

मलाही ही गाणी आवडतात, हे आधीच कबूल करतो. माझी तक्रार गाण्यांबद्दल नाही. ‘गाणे चालू असले की झोप येत नाही’ या समजुतीबद्दल आहे. आणि ती तक्रार करण्याचा अधिकार मला एका चुकीने दिला आहे.

२००१ सालची गोष्ट. चाळिशीचा एक गृहस्थ संध्याकाळी सर्दीने बेजार होऊन आला. नाक गळत होते, डोळे लाल. बाहेर वीस रुग्ण खोळंबलेले. मी क्लोरफेनिरामीनच्या गोळ्या लिहून दिल्या. ‘रात्री जेवून घ्या’ म्हटले. काम काय करता, हे विचारले नाही. त्याने सांगितल्याप्रमाणे गोळी घेतली आणि गाडी काढली. पहाटे सोनगीरच्या पुढे ट्रक रस्ता सोडून खड्ड्यात उतरला. तो वाचला, क्लीनर पोराच्या मांडीचे हाड मोडले. चार दिवसांनी कपाळाचे टाके दाखवायला तो माझ्याकडेच आला आणि म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, टेप तर मोठ्याने चालू होता. डोळा कधी लागला, कळलंच नाही.’

अपघात माझ्या गोळीमुळेच झाला, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. आदल्या दिवसाचे जागरण होतेच. पण माझी गोळी त्यात नव्हती, असेही मला म्हणता येत नाही. त्या दिवसापासून सर्दीची गोळी लिहिण्यापूर्वी ‘गाडी चालवता का?’ हे विचारल्याशिवाय माझे पेन पुढे सरकत नाही.

त्याचे वाक्य मात्र डोक्यात राहिले. टेप मोठ्याने चालू असताना माणूस झोपतो कसा? उत्तर सोपे आहे. फार थकलेला मेंदू परवानगी न मागता तीन-चार सेकंद बंद पडतो. डोळे कधी कधी उघडेच असतात. ताशी साठ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी चार सेकंदांत सदुसष्ट मीटर पुढे जाते. तेवढे अंतर ती चालकाविना जाते, गाणे चालू असतानाच!

इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातल्या रेनर आणि हॉर्न या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न तपासला आणि १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोप येत असलेल्या चालकाला रेडिओने किंवा थंड वाऱ्याच्या झोताने मिळणारा फायदा किरकोळ आणि थोड्या वेळाचा असतो. फार तर अर्ध्या तासाचा. म्हणजे गाणे हे झोपेवरचे औषध नव्हे. गाडी थांबवायला सुरक्षित जागा शोधेपर्यंत मिळालेली ती सवड आहे. आपण त्या सवडीत इंदूर गाठू पाहतो.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी दाखवले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंदावतात. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दारू प्यायलेल्या चालकाला आपण शिव्या घालतो आणि दोन रात्री जागून माल वेळेत पोहोचवणाऱ्याला ‘पक्का ड्रायव्हर’ म्हणून शाबासकी देतो. हा कुठला न्याय?

अमेरिकेत ट्रकवाल्यांच्या गाण्यांचा एक स्वतंत्र प्रकारच आहे. डेव्ह डडली यांचे १९६३ सालचे ‘सिक्स डेज ऑन द रोड’ हे त्यातले गाजलेले गाणे. घरच्या ओढीने निघालेला त्यातला चालक डोळे उघडे ठेवायला गोळ्या घेतो. गाणे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होते, नुसत्या गाण्याने भागत नाही! पण अशा गोळ्या झोप घालवत नाहीत, ती उधार ठेवतात. वसुली पुढच्या एखाद्या वळणावर होते.

मग उपाय काय? चालकबंधूंनो, पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळा झोपेच्या आहेत. त्या शरीरानेच ठरवलेल्या आहेत. जांभया, डोळ्यांची चुरचुर, मागचे दोन किलोमीटर न आठवणे, ही सूचना समजा. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, ढाब्यावर किंवा पंपावर लावा. कडक चहा किंवा कॉफी घ्या आणि लगेच पंधरा मिनिटे आडवे व्हा. चहा-कॉफीचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून हा क्रम. उठल्यावर तोंड धुऊन दहा मिनिटे चाला. अर्थात हाही तात्पुरताच उपाय. खरे औषध सात तासांची झोप. जोराने घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर तपासून घ्या. झोपेत श्वास अडकण्याचा विकार असू शकतो व त्यावर इलाज आहे. सर्दी, खाज, उलटी, झोप यांची कोणतीही गोळी घेताना ‘मी गाडी चालवतो’ हे न विचारता सांगा. डॉक्टर घाईत असतो. मी होतो.

आणि गाडीमालकांना चार शब्द. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. ती कागदावरच राहिली, कारण माल पोहोचवायची वेळ तुम्ही ठरवता आणि झोपेचा हिशेब त्यात धरत नाही. लांबच्या फेरीला दुसरा चालक द्या. ते परवडत नसेल तर निदान उशीर झाला म्हणून भत्ता कापू नका. कापलेला भत्ता चालकाला ढाब्यावरच्या खाटेवरून उठवतो.

गाणी जरूर ऐका. एकटेपणावर त्यांच्याइतके स्वस्त औषध माझ्याकडेही नाही. पण डोळे जड झाले की गाण्याचा आवाज वाढवू नका, गाडीचा वेग कमी करा आणि बाजूला घ्या. राहिलेले गाणे जागे झाल्यावरही ऐकता येते.