सुट्टी कोणाची, राखण कोणाची?

गणपती-दिवाळीला लागून शनिवार-रविवार आला की मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतील कित्येक दारांना कुलपे लागतात. चाकरमानी कोकणात जातो, कोणी महाबळेश्वर गाठतो. अशा दिवसांत घरफोड्या होतात म्हणून पोलीस दरवर्षी आवाहन करतात : दागिने व रोकड घरात ठेवू नका, शेजाऱ्यांना सांगून जा, दूध आणि वृत्तपत्र बंद ठेवा, प्रवासाची छायाचित्रे परत येईपर्यंत समाजमाध्यमांवर टाकू नका. दाराशी तीन दिवसांची वृत्तपत्रे साचली की घर रिकामे असल्याची वर्दी चोराला आपोआप मिळते. या सूचना रास्त आहेत, त्या पाळल्याच पाहिजेत. परंतु ज्याच्या भरवशावर ही कुलपे लागतात, त्या फाटकावरच्या वॉचमनविषयी त्यांत अवाक्षर नसते.

त्याची पाळी बहुधा बारा तासांची. सणासाठी जोडीदार गावी गेला आणि कंत्राटदाराने बदली माणूस दिला नाही, तर सलग चोवीस तासांची. सोसायटी कंत्राटदाराला देते ती रक्कम आणि वॉचमनच्या हाती पडते ती रक्कम यांतील अंतर वार्षिक सभेत कोणी विचारत नाही. तेथे चर्चा होते ती सर्वांत कमी दराच्या निविदेची. याला काटकसर म्हणतात! दुसऱ्या पाळीला बसलेल्या माणसाला पहाटे तीनला डुलकी लागणारच, आणि चोरी झाली की पहिला संशयही त्याच्यावरच जातो.

महाराष्ट्रात १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला. १९६९ च्या माथाडी कायद्याप्रमाणेच येथेही कामगाराची नोंदणी मंडळाकडे, वेतन मंडळामार्फत आणि मालकाने भरलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा इत्यादी लाभ, अशी योजना होती. मधल्या कंत्राटदाराचा नफेखोर हात दूर करणे हे तिचे मर्म. पुढे सूट देणाऱ्या कलमातून एजन्सींनी वाट काढली, आणि निवासी सोसायट्यांच्या फाटकांपर्यंत ही व्यवस्था क्वचितच पोहोचली.

रविवारची सुट्टीदेखील कोणी दान म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी ती १८९० साली मिळवली. त्या सुट्टीत सहलीला निघालेल्यांच्या दाराशी आठवड्याचे सातही दिवस राबणारा माणूस बसलेला असावा, ही विसंगती समाजवादी म्हणवणाऱ्या सभासदांनाही खटकत नाही.

बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या करायच्या तर एक माणूस वाढतो. त्याचा खर्च दरमहा २०,००० रुपये धरला, तर शंभर घरांच्या सोसायटीत प्रत्येक घरावर २०० रुपये येतात; साप्ताहिक सुट्टीच्या बदली माणसाचे थोडे अधिक. वीस घरांच्या जुन्या इमारतीत हाच भार हजारावर जातो. तेथे शेजारच्या दोन-तीन इमारतींनी मिळून संयुक्त पहारा ठेवणे हाच मार्ग. आपले अनेक कार्यकर्ते सोसायट्यांच्या कार्यकारिणीत आहेत. दिवाळीपूर्वीच्या सभेत हा विषय यावा, असे पत्र त्यांनी चिटणिसांना आताच द्यावे.