नेरडीगोंड्याचे बेडूक आणि आमचा निळू



मागच्या रविवारी आई व्हिडिओ कॉलवर होती. नेरडीगोंड्याला पहिला मोठा पाऊस झाला होता. अंगणात पाणी साचलेलं, आणि मागे बेडकांचा असा गलका की आईचं निम्मं बोलणं ऐकूच येईना. मी फोन फिरवून आमच्या हॉलमधली काचपेटी तिला दाखवली. आत निळाशार बेडूक बसला होता. आई म्हणाली, "काऊन रे बाप्पा, तिकडं बेडकंबी इकत घ्या लागते?"

घ्यावे लागतात खरे! दोन वर्षांपूर्वी ईराच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही 'पॉयझन डार्ट' जातीचे दोन बेडूक आणले. निळू आणि ठिपकी. ही जात मूळची दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामकडची. नाव ऐकून पाहुणे दोन पावलं मागे सरकतात. पण यांचं विष जंगलातल्या मुंग्या आणि बारीक किडे खाऊन अंगात साठतं. पाळीव बेडकांच्या पोटी जन्मलेल्या आणि घरच्या खाण्यावर वाढलेल्या बेडकात ते नसतं. उलट त्यांनाच आपल्यापासून धोका जास्त. त्यांची कातडी पाणी शोषते, आणि पाण्याबरोबर आपल्या हातावरचा साबण आणि क्रीमही. म्हणून त्यांना उगाच हातात घ्यायचं नाही.

मंडळातल्या दोन-तीन मुलांनी या बेडकांबद्दल विचारलं होतं, म्हणून आमची पद्धत सांगतो. जोडीसाठी साधारण दीड फूट लांब, रुंद आणि उंच पेटी पुरते. तळाला पाणी निथरायला मातीच्या गोळ्यांचा थर, त्यावर जाळी, मग माती आणि सर्वांत वर वाळलेली पानं. लपायला पानं नसली की बेडूक भेदरलेलाच राहतो. झाडांत आपला मनी प्लांटसुद्धा चालतो. तापमान २२ ते २६ अंश. ३० च्या वर गेलं की जिवावर बेततं. हवा कायम दमट हवी, म्हणून रोज फवारा मारायचा, पण नळाच्या क्लोरीनच्या पाण्याचा नाही. खायला पंख नसलेल्या फळमाश्या, त्याही घरीच डब्यात वाढवायच्या. माश्या कॅल्शियम आणि व्हिटॅमिनच्या पावडरीत घोळवूनच द्यायच्या, कारण नुसत्या माशीत बेडकाला लागणारं सगळं नसतं.

या पावडरीनेच आमचा घात केला. म्हणजे माझ्या निष्काळजीपणाने.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ईरा म्हणाली, "बाबा, निळूचा नेम चुकतोय." माशी समोर असायची आणि त्याची जीभ बाजूला पडायची. मी म्हटलं, "आळशी झालाय." ती आणखी दोनदा म्हणाली. मी ऑफिसच्या गडबडीत होतो. मेमध्ये एका सकाळी निळू उघड्यावर पडलेला दिसला. मागचे पाय ताठ झाले होते आणि थरथरत होते. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेला, पण दुपारपर्यंत तो गेला. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "पावडरीचा डबा कधी उघडलात?" घरी येऊन पावती शोधली. चौदा महिने झाले होते. उघडलेल्या पावडरीतली व्हिटॅमिन्स हळूहळू निकामी होतात, डबा सहा महिन्यांत बदलायचा असतो. मी रोज नेमाने पावडर देत होतो, पण तिच्यात जीवच उरला नव्हता.

ईरा रडली नाही. "मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिची माफी मागितली. डॉक्टरांच्या औषधाने ठिपकी वाचली. आता डब्यावर उघडल्याची तारीख ईराच्या अक्षरात असते, आणि तिने काही वेगळं दिसतंय म्हटलं की मी हातातलं काम ठेवून बघायला जातो.

त्याच जुलैत आम्ही नेरडीगोंड्याला गेलो. कुंतला धबधबा पाहून परतताना शेताच्या बांधाशी साचलेल्या पाण्यात मोठे बेडूक दिसले. नर हळदीसारखे पिवळेधमक, आणि ओरडताना गालाखाली फुगणाऱ्या निळ्या पिशव्या! ईरा जागच्या जागी थांबली. "अगदी निळूचा निळा!" आई म्हणाली, हे उन्हाळाभर जमिनीत दडून असतात, पाऊस पडला की वर येतात. आदिलाबादचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला कळेल, हे किती मोठं काम आहे. तिथे त्यांना फवारा मारायला कोणी नसतं.

चुलत भावाने विचारलं, "एक धरून देऊ का?" मी काही बोलायच्या आत ईराच नको म्हणाली. घरून निघताना तिने सगळ्यांचे बूट धुऊन वाळवून घेतले होते, त्याचं कारणही तिने त्याला सांगितलं. बेडकांच्या कातडीला लागणारी एक बुरशी आहे. तिने जगभरात कितीतरी जाती संपवल्या. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचं पहिलं वर्णन केलं, ते वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या अशाच एका निळ्या बेडकावरून, आणि तिचं नावही त्याच्याच कुळावरून पडलं. म्हणून एका ठिकाणचा बेडूक, माती किंवा पेटीतलं पाणी दुसरीकडे न्यायचं नाही. पाळीव बेडूक बाहेर सोडायचा तर नाहीच.

हे वाचून कुणाला बेडूक आणावासा वाटला, तर आधी महिनाभर नुसत्या फळमाश्या वाढवून बघा. ते जमलं तर पुढचं जमेल. भारतातल्या भाचरांनो, तिकडे असे विदेशी बेडूक ठेवायचे तर सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते, ती आधी बघा.

आईला मी एवढं सगळं काही सांगितलं नाही. तिने फोन अंगणाकडे धरला आणि ठिपकीच्या पेटीजवळ बसून ईरा बराच वेळ ते डराव डराव ऐकत राहिली.

भेटू पुढच्या महिन्यात!