जोर गाडीचा, कस चालकाचा



शाळा सुटली की फाट्याच्या दिशेने सुसाट निघणाऱ्या मोटारसायकलींचा आवाज आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यांतल्या कित्येक चालकांना अजून मिसरूडही फुटलेले नसते. आपण एक तर त्यांच्यावर रागावतो, नाही तर 'पोरगा धीट आहे' म्हणून कौतुक करतो. या दोन्हींचा उपयोग होत नाही, असे आम्हांला वाटते. म्हणून आज एका वेगळ्याच खेळाची ओळख करून द्यावी म्हणतो.

या खेळाचे नाव ऑटोक्रॉस. रस्त्याच्या कामावर ठेवतात तसे नारिंगी शंकू मोकळ्या मैदानात मांडून वळणावळणाची वाट आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते. शर्यत असते ती फक्त घड्याळाशी. शंकूला धक्का लागला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. अमेरिकेत साधारणपणे एका शंकूला २ सेकंद. आधी चालक ती वाट पायी फिरून पाठ करतात. गाडीचे ब्रेक, चाके, बॅटरी तपासली जाते आणि हेल्मेट सक्तीचे असते. पुणे जिल्ह्यातील घाटात बैलगाडा एकेकटा सुटतो आणि सेकंद मोजले जातात, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही रीत चटकन कळेल. आपल्या देशात हा खेळ बहुतेक मातीच्या मैदानावर होतो.

आता या मैदानात एखादी जुनी 'मसल कार' आणली तर? मसल कार म्हणजे सरळ शब्दांत दांडगी गाडी. १९६४ सालची अमेरिकन पॉन्टियाक जीटीओ घ्या. ६.४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, ३२५ अश्वशक्ती, वजन दीड टनाहून अधिक, लांबी पाच मीटरहून जास्त. आणि ब्रेक मात्र चारही चाकांना साधे ड्रमचे. आपल्याकडे १९८४ ते २००२ या काळात बनलेल्या कॉन्टेसाला लोक हौसेने 'देशी मसल कार' म्हणतात, ते तिच्या लांबरुंद रूपामुळे. इंजिनाचा जोर तेवढा नव्हता.

अशी गाडी घेऊन पहिल्यांदाच उतरणाऱ्याला वाटते, एवढे इंजिन हाताशी आहे, जिंकलोच! पण सरळ वाट संपून पहिले वळण येते तेव्हा खरी परीक्षा होते. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, ॲक्सिलरेटर दाबला की मागे जातो. टायरची जमिनीवरची पकड मर्यादित असते. ती थांबण्यात खर्च झाली तर वळायला उरत नाही. नवखा चालक उशिरा ब्रेक मारतो आणि गाडी सरळ शंकूंत घुसते. वळणातच घाईने ॲक्सिलरेटर दाबतो, तेव्हा मागची बाजू घसरून गाडी गर्रकन फिरते. तेवढ्यात १३०० सीसीची एखादी हलकी मारुती जिप्सी सफाईने वाट कापून कमी वेळ नोंदवून जाते. नववीच्या वर्गात आम्ही जडत्व शिकवतो, ते हेच.

मैदानात या चुकीची किंमत चार शंकू आणि थोडे हसे. रस्त्यावर तीच चूक जीव घेते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ७० टक्क्यांहून अधिक अतिवेगापायी. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका १७ वर्षांच्या मुलाच्या हाती भारी परदेशी गाडी होती. दोन तरुण अभियंते गेले. तिथे जोराला तोटा नव्हता, तोटा होता तो समजेचा आणि 'नाही' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा.

पालकहो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम १९९ अ आपल्यालाच जबाबदार धरते. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. पण कायद्याच्या भीतीने किल्ली लपवणे पुरेसे नाही. मुलांची हौस कुलुपात राहत नाही, तिला जागा द्यावी लागते.

'हे श्रीमंतांचे चोचले, आपल्या पोरांच्या डोक्यात कशाला भरवता?' असे कोणी म्हणेल. वेग त्यांच्या डोक्यात सिनेमाने आणि मोबाइलने केव्हाच भरला आहे. भरायची आहे ती शिस्त. आणि यंत्र आपल्या भागाला परके नाही. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्र्या आणि मशीनशॉप चालतात, आपल्या कित्येक घरांतली माणसे तिथे कामाला जातात. गाडीचा भाग ज्यांच्या हातून घडतो, त्यांच्या मुलांना गाडीचे गणित कळू नये, हे बरे नव्हे.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे. येत्या वार्षिक क्रीडास्पर्धेत मैदानावर चुन्याच्या रेघा आणि शंकू मांडून सायकलींची अशी स्पर्धा ठेवावी. एका वेळी एक सायकल, एक स्टॉपवॉच, शंकू पडल्यास २ सेकंद दंड, हेल्मेट सक्तीचे. सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकली अनेकांच्या घरी अजून असतील, त्या चालतील. मुलींचीही फेरी असावी. खर्च किरकोळ आहे.

मुलांनो, तुम्ही एक करून पाहा. पहिल्या फेरीत जीव खाऊन पायडल मारा. दुसऱ्या फेरीत वळणाआधी वेग कमी करा, जवळच्या शंकूकडे न पाहता पुढच्या वळणाकडे नजर ठेवा. मग दोन्ही वेळा वहीत लिहून ताडून पाहा. आम्ही सांगितलेले कदाचित विसराल, पण घड्याळाने सांगितलेले विसरणार नाही.